श्वसनमार्गाच्या विषाणूंची प्रयोगशाळा-परीक्षा आणि वैद्य

श्रावण-भाद्रपदात आणि पुन्हा माघ-फाल्गुनाच्या सुमारास आपल्या चिकित्सालयांत प्रतिश्याय, कास आणि ज्वर यांच्या रुग्णांची गर्दी होते, हे कोणाही वैद्यास नव्याने सांगावयास नको. गेल्या काही वर्षांत मात्र या गर्दीत एक फरक पडला आहे. रुग्ण नाडी दाखविण्यासाठी हात पुढे करण्याआधी प्रयोगशाळेचा कागद पुढे करतो. त्यावर ‘पॉझिटिव्ह’ किंवा ‘निगेटिव्ह’ असा एक शब्द असतो, कधी ‘सीटी’ नावाचा एक आकडा असतो, कधी वीस-बावीस विषाणूंची नावे ओळीने छापलेली असतात. आमच्या वैद्यबंधूंपैकी काही जण तो कागद न वाचताच बाजूला ठेवतात. आपले निदान दोष-दूष्यांवर आधारलेले आहे, आपणास या कागदाशी काय कर्तव्य, अशी त्यांची भूमिका असते. दुसरे काही त्या एका शब्दालाच अंतिम निर्णय मानून स्वतःची परीक्षा आटोपती घेतात. आमच्या मते या दोन्ही भूमिका रुग्णाच्या हिताच्या नाहीत. कागद वाचावयास हवा, आणि तो कोणत्या प्रश्नाचे उत्तर देतो हे ओळखून वाचावयास हवा.

डोळ्यांना दिसत नाही ते नाही, असे आपल्या आचार्यांनी कधीच म्हटलेले नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील तिस्रैषणीय अध्यायात, वस्तू अस्तित्वात असूनही प्रत्यक्षाला का सापडत नाही याची जी कारणे दिली आहेत, त्यांत अतिसूक्ष्मता हे एक कारण आहे. सुश्रुताने निदानस्थानात कुष्ठाच्या विवेचनाअखेर संसर्गाने एका मनुष्याकडून दुसऱ्याकडे जाणाऱ्या व्याधींचा निर्देश करताना निःश्वासाचाही उल्लेख केला आहे. तेव्हा मिलिमीटरच्या दहा-हजाराव्या हिश्श्याएवढ्या आकाराचा इन्फ्लुएन्झाचा विषाणू यंत्राच्या साहाय्याने ओळखणे यात आपल्या शास्त्राला विरोधी असे काही नाही. प्रश्न एवढाच, की यंत्राने दाखविलेल्या गोष्टीवरून अनुमान कसे करावयाचे. ते काम यंत्र करीत नाही. ते चिकित्सकाचे आहे.

आणि हे अनुमान किती चुकू शकते, याचा मोठा धडा आधुनिक वैद्यकाच्या इतिहासातच आहे. १८९२ साली जर्मनीतील रिचर्ड फायफर यांना इन्फ्लुएन्झाच्या रुग्णांच्या कफात एक सूक्ष्म जंतू आढळला. तोच या रोगाचे कारण, असा निष्कर्ष त्यांनी काढला आणि तो बराच काळ मान्य झाला. १९१८ च्या जूनमध्ये मुंबईत इन्फ्लुएन्झाची साथ दिसू लागली आणि पुढील काही महिन्यांत तिने हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसांचा बळी घेतला, त्या वेळीही जगभरातील अनेक प्रयोगशाळा या फायफरच्या जंतूचाच शोध घेत होत्या. काही रुग्णांत तो सापडे, पुष्कळांत सापडत नसे. कारण साधे होते. तो जंतू घशात राहणारा होता, रोगाचा कर्ता नव्हता. खरा कर्ता सापडण्यास १९३३ साल उजाडावे लागले. लंडनमध्ये विल्सन स्मिथ, अँड्र्यूज आणि लेडलॉ यांनी रुग्णांच्या घशातील धावन बारीक चाळणीतून गाळून फेरेट नावाच्या मुंगसासारख्या प्राण्याच्या नाकात घातले, आणि तो प्राणी शिंकू लागला. पुढे स्मिथ स्वतःच आजारी पडले. त्यांच्यापासून मिळविलेल्या विषाणूला त्यांच्या नावाची आद्याक्षरे मिळाली आणि तो ‘डब्ल्यूएस’ या नावाने आजही ओळखला जातो. नमुन्यात एखादा जीव सापडणे आणि तो त्या व्याधीचा हेतू असणे या दोन गोष्टी भिन्न आहेत, एवढे या कथेतून लक्षात ठेवले तर पुढील विवेचन सोपे होईल.

१९३३ नंतरची कित्येक दशके विषाणुपरीक्षा हे संशोधकांचे काम राहिले. कोंबडीच्या गर्भधारी अंड्यात किंवा पेशींच्या संवर्धनात नमुना घालावयाचा आणि काही दिवस वाट पाहावयाची. १९४१ साली जॉर्ज हर्स्ट यांनी इन्फ्लुएन्झाच्या विषाणूमुळे कोंबडीच्या तांबड्या रक्तपेशी एकमेकींना चिकटतात हे दाखविले, त्यामुळे काम काहीसे सुकर झाले. रक्तातील प्रतिपिंडांची परीक्षा करावयाची तर आजाराच्या आरंभी एकदा आणि दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा एकदा रक्त घ्यावे लागे, आणि प्रतिपिंडांचे प्रमाण चौपट झाले तरच निदान पक्के होई. तोपर्यंत रुग्ण एक तर बरा झालेला असे, नाही तर हाताबाहेर गेलेला असे. चिकित्सेला अशा अहवालाचा उपयोग तो काय?

ही स्थिती पालटली ती पीसीआर या पद्धतीमुळे. कॅरी म्युलिस यांना १९८३ साली ती सुचली आणि १९९३ साली त्यांना तीबद्दल नोबेल पारितोषिक मिळाले. तिचे तत्त्व वैद्याला समजण्यास मुळीच कठीण नाही. इन्फ्लुएन्झा, करोना, आरएसव्ही या विषाणूंचे जनुकद्रव्य आरएनए स्वरूपाचे असते. प्रथम एका एन्झाइमच्या साहाय्याने त्याचे डीएनएत रूपांतर केले जाते. ‘आरटी’ ही अक्षरे या टप्प्याची. मग मिश्रण सुमारे ९५ अंश सेल्सिअसपर्यंत तापविले की डीएनएचे दोन धागे विलग होतात. तापमान उतरविले की त्या विषाणूच्या ठरावीक भागाशी जुळणारे लहान तुकडे त्या धाग्यांना चिकटतात आणि त्यांच्या आधारे नवे धागे तयार होतात. एका आवर्तनात एकाचे दोन, दुसऱ्यात दोनाचे चार. दहा आवर्तनांत एकाचे १०२४ होतात, वीस आवर्तनांत दहा लाखांवर जातात. प्रत्येक आवर्तनाबरोबर मिश्रणातील चमक वाढते आणि यंत्र ती मोजते. चमक ठरावीक पातळी ओलांडते त्या आवर्तनाचा क्रमांक म्हणजे ‘सीटी’. मूळ नमुन्यात विषाणूचे द्रव्य जितके जास्त तितका हा आकडा लहान. या परीक्षेला विषाणूचा जनुकीय अंश सापडतो; तो अंश जिवंत विषाणूचा की मृत विषाणूच्या अवशेषाचा, हे ती सांगू शकत नाही.

महाराष्ट्राला या परीक्षेची पहिली मोठी ओळख झाली ती २००९ साली. त्या वर्षी ३ ऑगस्ट रोजी पुण्यात एका शाळकरी मुलीचा मृत्यू झाला. नव्या एच१एन१ इन्फ्लुएन्झाचा तो भारतातील पहिला नोंदलेला बळी होता. शाळा आणि चित्रपटगृहे बंद झाली, आणि साधी सर्दी झालेली माणसेही नाकातोंडाला रुमाल बांधून तपासणीसाठी रांगा लावू लागली. पुण्यातच राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था आहे. भारतीय वैद्यक संशोधन परिषद आणि रॉकफेलर फाउंडेशन यांच्या सहकार्याने १९५२ साली स्थापन झालेली ही संस्था त्या वेळी अहोरात्र नमुने तपासत होती. अशा वेळी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने रुग्णांचे तीन वर्ग पाडले, आणि ती वर्गवारी आमच्या मते आजही प्रत्येक वैद्याने अभ्यासावी अशी आहे. सौम्य ज्वर, कास, घसादुखी असणाऱ्यांचा पहिला वर्ग. त्यांना विषाणुपरीक्षा नको आणि विषाणुरोधक औषधही नको, घरी विश्रांती आणि चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांनी पुन्हा पाहणी. तीव्र ज्वर व तीव्र घसादुखी असणारे, तसेच बालके, गर्भिणी, वृद्ध व मधुमेह, हृद्रोग, फुप्फुसरोग, वृक्करोग असणारे यांचा दुसरा वर्ग. यांच्यासाठी परीक्षेची अट न घालता औषधाचा विचार. श्वासकष्ट, उरोवेदना, ग्लानी, रक्तमिश्रित कफ, रक्तदाब उतरणे, नखे निळसर होणे ही लक्षणे असणाऱ्यांचा तिसरा वर्ग. यांना तत्काळ रुग्णालय, तेथेच परीक्षा, आणि अहवालाची वाट न पाहता चिकित्सा. म्हणजे हाताशी उत्तम प्रयोगशाळा असतानाही कोणास तपासावयाचे हे लक्षणांवरूनच ठरले. परीक्षेने चिकित्सेत फरक पडणार असेल तेथे परीक्षा, पडणार नसेल तेथे नाही.

३० जानेवारी २०२० रोजी वुहानहून केरळात परतलेल्या विद्यार्थिनीच्या नमुन्यात नवा करोना विषाणू असल्याचे याच संस्थेने निश्चित केले. आरंभी देशात ही परीक्षा करू शकणारी एवढी एकच प्रयोगशाळा होती. वर्ष संपेपर्यंत त्यांची संख्या दोन हजारांवर गेली. त्याच वर्षी जूनमध्ये अर्ध्या तासात उत्तर देणारी अँटिजेन परीक्षा आली आणि तिच्याबरोबर गैरसमजही आले. अँटिजेन परीक्षेत द्रव्याची वृद्धी केली जात नाही; विषाणूचे प्रथिन पुरेशा प्रमाणात असले तरच पट्टीवर रेघ उमटते. संशोधन परिषदेने परवानगी देतानाच तिची तपासणी प्रसिद्ध केली होती. विशिष्टता, म्हणजे निरोगी माणसाला निरोगी म्हणण्याची क्षमता, ९९.३ ते १०० टक्के. पण संवेदनशीलता, म्हणजे बाधिताला पकडण्याची क्षमता, ५०.६ ते ८४ टक्के. म्हणूनच लक्षणे असूनही अँटिजेन निगेटिव्ह आल्यास आरटी-पीसीआर करावी, असे त्याच पत्रकात स्पष्ट म्हटले होते. ते वाक्य किती जणांनी वाचले असेल, याची आम्हांस शंका आहे.

या आकड्यांचा अर्थ एका उदाहरणाने पाहू. ऐन साथीत ज्वर, कास आणि घरात बाधित व्यक्ती असलेले शंभर रुग्ण आपल्याकडे आले, आणि त्यांतील साठ खरोखर बाधित आहेत, असे समजा. साठ टक्के संवेदनशीलतेची परीक्षा त्यांतील ३६ पकडेल, २४ सोडून देईल. ‘निगेटिव्ह’ कागद हाती असलेले साधारण ६४ जण असतील आणि त्यांत हे २४ असतील. आठातील तीन निगेटिव्ह खोटे. आता उलट बाजू पाहा. साथ नसताना लक्षणरहित अशा एक हजार लोकांची, ज्यांत पाचच बाधित आहेत, तीच परीक्षा केली, तर ती तिघांना पकडेल. परंतु उरलेल्या ९९५ निरोगी माणसांपैकी, विशिष्टता ९९.३ टक्के धरली तरी, सात जणांना बाधित ठरवील. दहा पॉझिटिव्हपैकी सात खोटे! परीक्षा तीच, कागद तोच, पण अर्थ पूर्णपणे पालटला. तो पालटला तो रुग्णाच्या लक्षणांनी, देश-कालाने आणि संसर्गाच्या इतिहासाने. दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न यांचे मोल अहवालामुळे कमी होत नाही, ते या हिशेबावरून दिसते.

सीटीच्या आकड्याबाबतही २०२०-२१ मध्ये विलक्षण गोंधळ झाला. आकडा लहान म्हणून रुग्ण हादरे, मोठा म्हणून निश्चिंत होई, आणि काही चिकित्सकही त्यावरून औषधाची मात्रा ठरवू लागले होते. वस्तुतः एकाच रुग्णाचे दोन बाजूंनी घेतलेले स्राव, दोन निरनिराळे संच, नमुना उन्हात राहिलेला किंवा शीतपेटीत नेलेला, एवढ्यानेही हा आकडा हलतो. सव्वातीन आवर्तनांचा फरक म्हणजे द्रव्याचा सुमारे दहापट फरक. आणि घाईने फिरविलेल्या काडीने तेवढा फरक सहज पडतो. पस्तीसपर्यंत पॉझिटिव्ह मानावे ही मर्यादा २४ वर आणण्याची कल्पना २०२१ मध्ये पुढे आली, तेव्हा त्यामुळे अनेक संसर्गक्षम रुग्ण निसटतील, म्हणून संशोधन परिषदेने ती नाकारली. व्याधीचे बल या आकड्यावरून मोजू नये. त्यासाठी श्वासाची गती, नाडी, ज्वराचा क्रम, क्षुधा, निद्रा आणि बोटाला लावलेले ऑक्सिमीटर अधिक भरवशाचे आहे.

अहवालाचे अर्धे भवितव्य प्रयोगशाळेच्या दारापर्यंत पोहोचण्याआधीच ठरलेले असते, याकडे आम्ही विशेष लक्ष वेधू इच्छितो. स्राव घ्यावयाचा तो नाकपुडीच्या तोंडाशी नव्हे, तर नाकाच्या मागच्या टोकाला, घशाशी जेथे नाकाची पोकळी मिळते तेथून. काडी वर नव्हे, तर टाळूला समांतर, कानाच्या दिशेने सरकवावी लागते; तेथे काही सेकंद थांबवून फिरवावी लागते. रुग्णाच्या डोळ्यांत पाणी येते. ज्याला काहीच जाणवले नाही त्याचा नमुना बहुधा नीट घेतलेला नसतो. लाकडी दांडीवरचा कापूस चालत नाही, कारण त्यातील द्रव्ये पुढील रासायनिक क्रियेत अडथळा आणतात. कृत्रिम तंतूंची, प्लॅस्टिकच्या दांडीची काडी हवी. ती विषाणुवाहक द्रवात बुडवून २ ते ८ अंश तापमानात ठेवावी आणि तीन दिवसांत प्रयोगशाळेत पोहोचवावी लागते. बहुतेक संचांत मानवी पेशीतील एका जनुकाचीही सोबत परीक्षा होते. ते जनुक सापडले नाही तर नमुनाच वाया गेला असे समजावे. पण ते सापडले म्हणजे काडी योग्य जागी पोहोचली होती, असे मात्र सिद्ध होत नाही.

कालाचेही तसेच आहे. इन्फ्लुएन्झात पहिल्या तीन-चार दिवसांतील नमुना उत्तम. करोनाच्या बाबतीत, २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका विश्लेषणानुसार, लक्षणे सुरू झाली त्या दिवशी आरटी-पीसीआरचे निगेटिव्ह सुमारे ३८ टक्के बाधितांत खोटे ठरण्याचा संभव होता, तर तीन दिवसांनी तो सुमारे २० टक्क्यांपर्यंत उतरत होता. काल संपर्क आला म्हणून आज तपासून निश्चिंत होणारे कुटुंब स्वतःची फसवणूक करून घेते. पुढे व्याधी फुप्फुसात उतरल्यावर नाक-घसा निर्विषाणू दिसू शकतो आणि विषाणू खालच्या कफात सापडतो. श्वासकष्ट वाढत असलेल्या रुग्णाला निगेटिव्ह कागदाच्या भरवशावर घरी ठेवणे म्हणूनच घातक.

अलीकडे एकाच नमुन्यात वीस-वीस विषाणू तपासणारे संच निघाले आहेत आणि त्यांसाठी हजारो रुपये घेतले जातात. अतिदक्षता विभागातील रुग्णासाठी किंवा प्रतिकारक्षमता खालावलेल्या रुग्णासाठी त्यांचा उपयोग आहे. खेळत्या, खात्या-पित्या बालकाच्या साध्या प्रतिश्यायात मात्र तो खर्च कशासाठी? ऱ्हायनोव्हायरसचे जनुकद्रव्य लक्षणे नसलेल्या मुलांच्या नाकातही वारंवार आढळते. फायफरचा जंतू येथे नव्या वेषात भेटतो. जानेवारी २०२५ मध्ये बंगळुरूच्या दोन अर्भकांत एचएमपीव्ही सापडल्याचे जाहीर झाले आणि ‘नवा विषाणू’ म्हणून घबराट पसरली. हा विषाणू २००१ साली नेदरलँड्समध्ये ओळखला गेला. तेथे जपून ठेवलेल्या जुन्या रक्तनमुन्यांवरून तो १९५८ पासून तरी माणसांत फिरत असल्याचे दिसले, आणि पाच वर्षांपर्यंतच्या जवळजवळ सर्व मुलांना तो होऊन गेलेला होता. पुण्यातील मुलांमध्ये तो सापडल्याची नोंद तर २००४ सालीच प्रसिद्ध झाली होती. विषाणू जुना, परीक्षा नवी. असा अहवाल घेऊन घाबरलेले माता-पिता आले असता त्यांना हा इतिहास सांगावा, बालकाचे स्तनपान, मूत्रप्रवृत्ती आणि श्वासाची गती पाहावी, आणि बरगड्यांखालचा भाग श्वासागणिक आत ओढला जात असल्यास क्षणाचाही विलंब न करता बालरोग विभागाकडे पाठवावे.

आता थोडे कटू पण आवश्यक. करोनाच्या काळात ‘आमच्या औषधाने इतक्या दिवसांत पॉझिटिव्हचा निगेटिव्ह झाला’ अशा जाहिराती ठिकठिकाणी झळकल्या, आणि त्यांत आपल्या शास्त्राचे नाव घेतले गेले. या विषाणूंची बाधा बहुसंख्य रुग्णांत आपोआप ओसरते. अहवाल काही दिवसांनी निगेटिव्ह होणे हा तिचा स्वाभाविक क्रम आहे. उलट, काहींचा अहवाल ते पूर्ण बरे झाल्यावरही कित्येक आठवडे पॉझिटिव्ह राहतो, कारण मृत विषाणूचे अवशेष सापडत राहतात. म्हणून तर मे २०२० पासून सौम्य रुग्णांना घरी सोडताना फेरतपासणीची अट काढून टाकण्यात आली. मग एका अहवालापासून दुसऱ्या अहवालापर्यंतच्या काळात दिलेल्या काढ्याला, गोळीला किंवा चूर्णाला त्या बदलाचे श्रेय कसे द्यावे? औषध न घेतलेल्या समान रुग्णांशी तुलना केल्याखेरीज ते देता येत नाही. ज्याला आपल्या औषधाचे सामर्थ्य दाखवावयाचे आहे त्याने ती तुलना योजावी, लक्षणे शमण्याचा काल मोजावा, रुग्णालयात दाखल व्हावे लागले की नाही हे नोंदवावे. जाहिरातीच्या आकड्याने शास्त्राची प्रतिष्ठा वाढत नाही; पहिला हुशार विद्यार्थी प्रश्न विचारतो आणि ती खाली येते.

प्रत्यक्ष व्यवहारात आमचा प्रघात असा आहे. निरोगी प्रकृतीच्या तरुणाचा सौम्य प्रतिश्याय व ज्वर असल्यास आम्ही परीक्षेचा आग्रह धरीत नाही; लंघन, उष्णोदक, विश्रांती, मुखपट्टी आणि घरातील वृद्धांपासून अंतर एवढे सांगून दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पुन्हा पाहतो. गर्भिणी, पासष्टीपुढील व्यक्ती, मधुमेही, हृद्रोगी, श्वासरोगी, कर्करोगावर उपचार घेत असलेले यांना मात्र पहिल्याच दिवशी परीक्षेसाठी व आधुनिक चिकित्सकाच्या सल्ल्यासाठी पाठवितो. इन्फ्लुएन्झावरील ऑसेल्टामिविर हे औषध लक्षणे सुरू झाल्यापासून ४८ तासांत दिले तर त्याचा लाभ सर्वांत अधिक, आणि हे तास आपल्या दाराशी वाया जाऊ नयेत, हा त्यामागील विचार. अहवाल काहीही असो, विश्रांतीतही ऑक्सिजन ९४ टक्क्यांखाली गेला, दोन-चार पावलांत दम लागला, किंवा उतरलेला ज्वर पाचव्या-सहाव्या दिवशी पुन्हा उसळला, तर रुग्ण आपल्याकडे ठेवू नये.

रुग्णपत्रिकेत ‘आरटी-पीसीआर निगेटिव्ह’ एवढेच लिहिण्याची सवय सोडावी. लक्षणे कोणत्या दिवशी सुरू झाली, नमुना कोणत्या दिवशी व कोठून घेतला, परीक्षा अँटिजेनची की पीसीआरची, कोणत्या विषाणूंसाठी, आणि त्या दिवशी आपणास दोषांची अवस्था काय दिसली, या गोष्टी एकाच पानावर लिहाव्यात. आमच्या काही सभासदांनी यासाठी पत्रिकेच्या उजव्या समासात एक अरुंद रकाना आखून घेतला आहे. छापून घ्यावयाचा झाल्यास त्याचा नमुना संघाच्या कार्यालयात पाहावयास मिळेल.